देव पाण्यात, माणूस कोरडं

त्या वर्षी वैशाखात देवावरून माझं मन उडायला फार थोडं बाकी होतं. हे मी कोणापाशी बोलले नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडानं? आळीतल्या बायांना चतुर्थी कधी, प्रदोष कधी हे सांगणारी मी, आणि मीच देव्हाऱ्यापुढे बसून मनात म्हणत होते की तू ऐकत नसशील तर मी तुझी पूजा करू तरी कशाला. कारण एकच. माझी सासू पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, अंथरुणाला खिळली होती, आणि ती गेली तर या जगात मला 'पोरी' म्हणून हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं.

सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आई मला आठवतच नाही. वडील शाळामास्तर होते, मी सात वर्षांची असताना तेही गेले. आत्यानं मला जऊळक्याच्या स्टेशनापासून घरापर्यंत कडेवर आणलं. सात वर्षांची घोडी कडेवर, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती की भावानं मला लेक दिली. पुढे तिनं आपल्या लेकाशी माझं लग्न लावलं, म्हणजे सून व्हायच्या कितीतरी आधी मी तिची लेक झाले होते. वडिलांपाशी चार बुकं शिकले होते म्हणून ती मला 'मास्तरीन' म्हणायची. मी फुगून बसले की "मास्तरीन रुसली, आज शाळा बंद" असं म्हणून साऱ्या आळीला हसवायची. अंगानं भरलेली, मनानं मोकळी बाई. पाण्याची तिला भारी हौस. वावरातून आली की आधी मडक्यापाशी. मान वर करून तांब्याची धार तोंडात धरायची आणि घटाघटा अशी प्यायची की तो आवाज बाहेर ओट्यावर ऐकू यायचा. आमचे घरधनी म्हणायचे, "माय पानी पेऊन राह्यली का मोट चालू हाय?" त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले.

आमचं गाव जऊळक्याहून किन्हीराजाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गावात पटकी शिरली. मालेगावच्या सरकारी दवाखान्यातून एक कंपाउंडर आला. त्यानं चावडीवर पत्रक चिकटवलं आणि विहिरींत लाल औषध टाकायला सुरुवात केली. पत्रक वाचता येणारी बायांमध्ये मी एकटीच. मी घरोघर जाऊन वाचून दाखवलं की पाणी उकळून प्यावं, अन्न झाकावं, रोग्याचे कपडे विहिरीवर धुऊ नयेत. आमच्या घरात मी ते कडक पाळलंही. न उकळलेला थेंब कोणाच्या तोंडात जाऊ दिला नाही. घरधनी कुरकुरायचे, ऊन पाण्यानं तहान भागत नाही म्हणायचे, तरी माझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. पण तो कंपाउंडर महादेवाच्या देवळामागच्या विहिरीवर आला तेव्हा मीच चार बाया घेऊन आडवी झाले. त्या विहिरीचं पाणी फक्त देवाला जातं, माणसं ते पीत नाहीत, मग त्यात औषध कशाला? लाल पाण्यानं देवाला आंघोळ घालू का? तो भला माणूस, हात जोडून निघून गेला. पत्रकात देवाच्या पाण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते मला कोण सांगणार, अशी माझी ऐट होती.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण ती लपवून हा अनुभव लिहिण्यात अर्थ नाही. आमच्याकडे जुन्या माणसांचं एक ठाम सांगणं होतं की पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही. पाणी दिलं की उलटी होते, उलटी झाली की जीव जातो. सुताराची सून आजारी पडली तेव्हा मी तिच्यापाशी बसले होते. तिनं दोनदा तांब्याला हात घातला आणि दोन्ही वेळा तो मी तिच्या हातातून काढून घेतला. प्रेमानं काढून घेतला, कपाळावरून हात फिरवत काढून घेतला. संध्याकाळच्या आत ती गेली. तेव्हा मला वाटलं, मी होईल तेवढं केलं.

आणि मग आत्या पडली. सकाळी वावरात जायला निघाली ती दारातूनच मागे फिरली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, आवाज बसला, पायांत गोळे येऊ लागले. घरधन्यांनी छकडा जुंपला आणि औषधाला मालेगावला गेले. मी काय केलं? आंघोळ केली, सोवळ्यानं देवळामागच्या विहिरीचं पाणी आणलं, आणि देव्हाऱ्यातले सगळे देव तांब्याच्या तपेल्यात पाण्यात घालून ठेवले. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, अन्नपूर्णा, माझ्या वडिलांचा बाळकृष्ण. आमच्यात संकट आलं की देव असे पाण्यात ठेवतात. माणूस बरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, मध्येच काढले तर नवस मोडतो. तपेलं मी आत्याच्या उशापाशी ठेवलं आणि त्याच पाण्याचं तीर्थ पळीपळीनं तिच्या तोंडात घालू लागले. पाणी द्यायचं नाही, पण तीर्थ म्हणजे काही पाणी नव्हे, असा माझा हिशेब. आत्या डोळ्यांनी मडक्याकडे खुणावायची. मी म्हणायचे, "आत्या, थोडं सोस. देव बसलेत तुझ्यासाठी पाण्यात."

दुसऱ्या दिवशीच्या उन्हापर्यंत तिची जीभ लाकडासारखी झाली होती. घरधनी परतले नव्हते. मी तपेल्याकडे पाहून रडले, मग चिडले. तू एवढा गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तरी तुला दया येत नाही. असं मी खरंच म्हणाले, आणि म्हटल्यावर माझी मलाच भीती वाटली.

त्याच वेळी बाहेरून हाक आली, "घोटभर पानी देता का वं माय?" ओट्यावर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. विटलेलं हिरवं लुगडं, बगलेत गाठोडं, तुटलेली वहाण हातात. गाडीनं जऊळक्याला उतरून पायी किन्हीराजाला निघाली होती. मी दारातूनच सांगितलं की घरात पटकीचं माणूस आहे, पुढच्या घरी जा. ऐकून कोणीही चार पावलं मागे सरलं असतं. ती ओट्यावर बसली आणि तिथूनच आत वाकून पाहू लागली. दार उघडं होतं, आत्या समोरच होती, उशाशी देवांचं तपेलं.

"पानी देऊन राह्यली का तिले?" तिनं विचारलं.

"नाही. फक्त तीर्थ."

तिनं तपेल्याकडून आत्याकडे नजर वळवली. मग सावकाश म्हणाली, "देव पान्यात बुडवून ठेवले, अन् मानूस कोरडं ठेवलं. हे काय केलं वं पोरी?"

मला राग आला. वाटेवरची बाई, ना ओळख ना पाळख, आणि मला पोरी म्हणते. मी तिला पत्रक, जुनी माणसं, सगळं ऐकवलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं तपेल्याकडे बोट करून विचारलं, "हे पानी उकळेल हाय का?" मी म्हटलं, देवाचं पाणी कोणी उकळतं का? तर म्हणाली, "काहून? न्हान्या लेकराले आपन ऊन पान्यानंच न्हाऊ घालतो ना? मंग तुह्या बाळकृष्णानं काय पाप केलं?" रोज सकाळी त्याच पाण्याचं तीर्थ मी आत्याच्या हातावर घालत होते, ते मला तेव्हा आठवलं. चार बुकं शिकलेली मी, आणि वाटसरू बाईनं एका वाक्यात माझी पाटी पुसली.

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही. "माही लेक पानी पानी करून गेली. आमी सगळे शहाने होतो, कोनीच देल्लं नाई. मंग जावई पडला. त्याले कोनी इचारलंच नाई, सगळे रडन्यात. त्यानं सरकत सरकत जाऊन म्हशीसाठी ठेवलेली तांदळाची पेज पेली. मीठ घातलेली होती. पेला, उलटला, पुन्ना पेला. तो जगला, माय. आता तू पाह्य."

आता तू पाहा. एवढं म्हणून ती भिंतीला टेकली. आत आली नाही, कशाला हात लावला नाही. आणि मी देव आणि आत्या यांच्यामध्ये उभी. पाणी दिलं आणि आत्या गेली, तर आळी म्हणणार की मास्तरणीनं सासू मारली. नवस मोडला तर देव बोल लावणार. न देऊन गेली तर मात्र मला कोणी काही म्हणणार नव्हतं, सगळे म्हणणार होते की बिचारीनं देव पाण्यात घातले होते. हे डोक्यात आलं आणि माझी मला लाज वाटली. आत्याच्या जिवापेक्षा मी बोल लागण्याला भीत होते. त्या क्षणी मला सुताराच्या सुनेचा हात आठवला, तांब्याकडे आलेला.

मी तपेल्यात हात घातला आणि एकेक देव बाहेर काढला. आत्याच्या धुतलेल्या लुगड्याच्या पदरानं पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मनात म्हटलं, देवा, नवस मोडला तो मी मोडला, काय शिक्षा द्यायची ती मला दे, तिला प्यायला मिळू दे. आयुष्यभर मी देवाला सांगत आले होते की अमुक कर, तमुक कर. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, तुला करायचं ते कर. मग तपेल्यातलं पाणी उकिरड्यावर ओतलं, चूल पेटवली, तांदूळ शिजवून पातळ पेज केली, मीठ घातलं, निववली.

पहिली वाटी उलटली. मी दारात जाऊन रडायला लागले. ती ओट्यावरून शांतपणे म्हणाली, "उलटू दे. पोटात थोडं तरी राह्यलंच असंन. पुन्ना दे, घाई नोको करू." दुसरी अर्धी उलटली. मधे उकळून निववलेलं पाणी दिलं, मीठ आणि गुळाचा खडा घालून. मी चमच्यानं देत होते, आणि बाहेरून तिचा आवाज येत होता, "दे माय, दे." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तेव्हा आत्यानं हात हलवला. चमचा बाजूला सारला, वाटीच धरली आणि तोंडाला लावली. आणि मी तो आवाज ऐकला. बारीक होता, पण तोच होता. घट, घट.

मी धावत ओट्यावर गेले. ओटा रिकामा होता. किन्हीराजाच्या वाटेवर पाहिलं, दूरवर कोणी नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती पाणी मागायला आली होती. घोटभर. आणि सारी दुपार दुसऱ्याला पाणी द्यायला लावून ती तशीच तहानलेली गेली. मी तिला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पाणीही दिलं नाही.

घरधनी दिवेलागणीला परतले. बैल लंगडल्यामुळे वाटेत अडकले होते. त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि पागोट्यात बोटं घालून डोकं खाजवत उभे राहिले. खोदून विचारलं तेव्हा बोलले, "तो कंपाउंडर म्हने, उकळेल पानी द्या, तहान मारू नोका. मी म्हटलं, सायेब, आमची मास्तरीन आयकनार नाई." इतकी वाट ते हाच विचार करत आले होते की हे मला सांगायचं कसं. मी हसले आणि हसता हसता रडले. आत्या अंथरुणातून बसक्या आवाजात म्हणाली, "शाळा सुरू झाली वाटते." तीन दिवसांनी ती भिंतीला टेकून बसू लागली.

त्या तीन दिवसांत मी आणखी एक काम केलं, आणि ते मला देव पाण्याबाहेर काढण्याहून अवघड गेलं. मी विहिरीवर गेले आणि सगळ्या बायांसमोर म्हटलं की मी चुकले. पाणी तोडू नका, उकळून, मीठ घालून द्या. सुताराच्या घरी जाऊन सुनेच्या सासूचे पाय धरले. त्या माउलीनं मला उठवलं आणि एवढंच म्हटलं, "मलेबी तसंच वाटलं होतं, बाई." घरधनी कंपाउंडरला बोलावून घेऊन आले, आणि देवळामागच्या विहिरीत लाल औषधाची बादली सोडताना दोर मी धरला. भंडाऱ्याचं मोठं पातेलं देवळातून काढून पिंपळाखाली चुलीवर चढवलं. आमच्या शेजारची सकीनाबी, पिंजाऱ्याची बायको, जाळायला पऱ्हाट्यांचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, भारे घेऊन आली, आणि म्हणाली की जाळ मी बघते, तू घरं बघ. तिनं जाळ असा सांभाळला की पातेलं दिवसभर खळखळत राहिलं. आपापल्या घरचं भांडं घेऊन बाया यायच्या, मी ओगराळ्यानं पाणी घालायची. कोणाचं भांडं कोणाच्या भांड्याला लागतं याची कधी नव्हे ती कोणी चौकशी केली नाही. त्यानंतरही दोन माणसं गेली, खोटं कशाला सांगू. पण बरीच राहिली, आणि तहानलेलं कोणी गेलं नाही.

आत्या हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही दोघी मुद्दाम किन्हीराजाला गेलो. हिरव्या लुगड्याची, पटकीनं लेक गेलेली, पन्नाशीची बाई. घरोघर विचारलं. कोणाला ठाऊक नव्हती. आळीतल्या बाया म्हणाल्या, ती मरीमाय होती. एक म्हणाली, अन्नपूर्णा. मी कोणाशी वाद घातला नाही. मला तर तिच्या पायांची धूळ आणि हातातली तुटकी वहाण आठवते. देवीची वहाण तुटत असेल का, मला माहीत नाही. तिची लेक गेली होती एवढं मात्र खरं होतं, ते तिच्या आवाजात होतं. ज्या दुःखानं माणूस दगड व्हावं, ते घेऊन ती उन्हातान्हातून माझ्या ओट्यापर्यंत आली आणि तिथे ठेवून गेली. याला मी कृपा म्हणते. दुसरा शब्द मला येत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी देवांची आंघोळ उकळून निववलेल्या पाण्यानं होते. आळीतल्या चुलत जावा हसतात, म्हणतात, बाईचे देव भारी नाजूक. हसू देत. आणि ओट्यावर एक मडकं असतं, वर झाकण, शेजारी पालथा तांब्या. उकळलेलं पाणी. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणीही प्यावं. हे मडकं आत्यानं मांडलं. भरायचं काम माझं, आणि भरलं की नाही हे विचारायचं काम तिचं. रोज विचारायची. मी कधीकधी वैतागायची. म्हणायची, "आत्या, ती काही परत यायची नाही." ती म्हणायची, "नाई आली तं नाई. पन आली अन् मडकं रिकामं असलं तं?"

ती त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. मागच्या माघात, पिकल्या वयात, काही दुखणं नसताना तिनं अंथरूण धरलं. जावा मला विचारायला आल्या की देव पाण्यात घालायचे का. मी नको म्हटलं. देव देव्हाऱ्यात कोरडे बसले होते, त्यांना बसू दिलं. मी आत्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्याची धार तोंडात धरली. तिला धारेवरच प्यायचं असायचं, शेवटपर्यंत. दोन घोट घेतले. तो आवाज ऐकायला सगळं घर गप्प झालं होतं. मग तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "मास्तरीन, ओट्यावरचं मडकं भरलं का वं?"

मी म्हटलं, भरलं. त्यावर तिनं मान हलवली आणि डोळे मिटले, ते मिटलेच.

बायांनी रडायला सुरुवात केली. मी तिचं डोकं हलकेच उशीवर ठेवलं आणि बाहेर आले. मडक्यात पाहिलं. अर्धंच होतं. मी आत गेले, पाणी उकळलं, निववलं, आणि मडकं काठोकाठ भरून ठेवलं.